ओढ्यात सॅमनची पिल्लं सोडण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही ना ते कळेल. तुम्ही ऑक्टोबरात मुलांना घेऊन सिॲटलजवळची इसाक्वाची हॅचरी, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं केंद्र, पाहायला गेलात. ओढ्यात आणि माशांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवर सॅमनची एवढी दाटी, की खालचं पाणी दिसेना. घरी येऊन वाचलं, तर प्युजेट साउंड या इथल्या खाडीतला चिनूक जातीचा सॅमन १९९९ पासून संकटग्रस्त जातींच्या यादीत. दोन्ही एकाच वेळी खरं कसं? आणि दुसरं, तुमचं मराठी मंडळ वर्गणी काढून घरामागच्या ओढ्यात कोहो सॅमनची पिल्लं सोडायचं म्हणतंय, गावाकडे धरणात मत्स्यबीज सोडतात तसं. किती सोडावीत, कुठून आणावीत?

दुसऱ्याचं उत्तर आधी देते: सोडू नका. वॉशिंग्टन राज्यात परवान्याशिवाय नैसर्गिक पाण्यात मासे सोडणं बेकायदेशीर आहे, पण उद्या परवाना हातात पडला तरी माझं उत्तर तेच राहील. मी इथल्या ओढ्यांवर काम करते. रस्त्याखालच्या मोऱ्या मापणं, पाण्याचं तापमान घेणं, अंडी घातलेल्या जागा शोधणं, पावसाळी थंडीत मेलेल्या माद्यांची पोटं उघडून गाबोळी बाहेर पडली होती की तशीच राहिली ते पाहणं, असलं चिखलातलं काम. त्यातून बनलेलं मत असं, की बहुतेक ओढ्यांत पिल्लांची टंचाई ही मूळ अडचण नसतेच. एक कोहो मादी अडीच-तीन हजार अंडी घालते. त्या जोडीची जागा भरायला त्यातले दोन मोठे होऊन परतले तरी पुरतात. ओढा धड असेल तर थोडक्या माशांतूनही काही पिढ्यांत तो भरतो. भरत नसेल, तर वाटेत काहीतरी मारतंय किंवा अडवतंय. तिथे आणखी हजार पिल्लं घातली, तर मरणारे हजारने वाढतात, एवढंच.

तेव्हा खरा प्रश्न असा: तुमच्या ओढ्यातला मासा आयुष्याच्या कुठल्या टप्प्यावर गळतो? आणि याचं उत्तर जागेजागेनुसार बदलतं. कॅस्केड पर्वताच्या पश्चिमेला, म्हणजे आपल्याकडे, ओढे लहान, पावसावर चालणारे आणि शहरांतून जाणारे. माझा अनुभव मुख्यतः इथला. पूर्वेला कोलंबिया आणि स्नेक नद्यांच्या खोऱ्यांत बर्फ वितळून येणारं पाणी आणि मोठमोठी धरणं हा मुख्य विषय. अलास्कात गोष्ट आणखी वेगळी. त्यामुळे मी पुढे जे सांगते ते नियम म्हणून घेऊ नका. कुठून विचार सुरू करावा, ते दाखवतेय.

कोकणात पहिल्या पावसात वलगणीला मासे चढतात ते तुम्ही पाहिलं असेल, निदान ऐकलं तरी असेल. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भाताच्या खाचरात. सॅमनची चढणही अंड्यांसाठीच असते, फक्त प्रवास समुद्रापासून सुरू होतो आणि पॅसिफिकचे सॅमन अंडी घातल्यावर तिथेच मरतात. मादी थंड, वाहत्या पाण्यात खडीचा तळ शेपटीने खणून खळगा करते, अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. अंडी हिवाळाभर त्या खडीत, पाण्याच्या झिरपणाऱ्या धारेवर जगतात. पुढे जातीजातीत फरक पडतो. चम आणि पिंक यांची पिल्लं बाहेर आली की लवकरच समुद्राकडे निघतात. कोहोची पिल्लं मात्र वर्षभर किंवा त्याहून थोडा जास्त काळ ओढ्यातच राहतात. सॉकाय बहुधा तळ्यात वाढतो. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट. ते सगळे अंडी घातल्यावर मरत नाहीत, काही पुन्हा समुद्रात जाऊन पुन्हा येतात. तुमच्या डोक्यात कोहो आहे, म्हणून एवढं लक्षात ठेवा: कोहोला तुमचा ओढा बारा महिने लागतो. उन्हाळ्यातला आटलेला, तापलेला ओढाही त्याचाच.

आता हॅचरीतली ती गर्दी. पुढच्या वेळी माशाची पाठ नीट पाहा. पाठीच्या मोठ्या परामागे, शेपटीच्या जवळ एक बारकासा मांसल पर असतो. हॅचरीतल्या बहुतेक चिनूक आणि कोहोंचा तो पिल्लू असतानाच छाटलेला असतो, म्हणजे गळ टाकणाऱ्याला कुठला मासा ठेवायचा आणि कुठला सोडायचा ते कळतं. हे मासे ज्या पाण्यात वाढले त्याच वासाच्या मागे परत येतात, आणि ते पाणी म्हणजे हॅचरीचं दार. म्हणून सगळे एका जागी गोळा होतात. तेवढेच रानटी मासे असते, तर ते कित्येक किलोमीटर ओढ्यांत दोन इथे, चार तिथे असे विखुरले असते आणि तुम्हाला एखादाच दिसला असता. संकटग्रस्त ठरवताना मुख्य प्रश्न असतो तो नदीत स्वतःच्या बळावर वाढणाऱ्या माशांचा. दाराशी झालेल्या दाटीवरून त्याचा अंदाज येत नाही.

'पण मासा तो मासा, हॅचरीचा असला म्हणून काय झालं?' हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. ऑरेगॉनमधल्या हूड नदीवर स्टीलहेडच्या पिढ्यांचा जनुकीय वंशवृक्ष मांडून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की हॅचरीत वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे, नैसर्गिक नदीत पिल्लं मागे ठेवण्याची माशाची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरते. दर पिढीला. कारण समजायला कठीण नाही. काँक्रीटच्या हौदात वरून गोळ्यांचं खाद्य पडतं, बगळा नाही, पाणमांजर नाही, पूर नाही. तिथे जो धीट, अधाशी आणि पृष्ठभागाजवळ राहणारा असतो तो फोफावतो. नदीत हेच गुण जिवावर बेततात. असे मासे नदीत जाऊन रानटी माशांशी जोड्या जमवतात तेव्हा ती घसरण पुढच्या वंशात उतरते. शिवाय पिल्लं एकाच खाद्यासाठी झगडतात. आणि हॅचरीच्या भरघोस माशांच्या भरवशावर मासेमारी खुली झाली, की त्याच जाळ्यात त्यांच्याबरोबर पोहणारे थोडके रानटी मासेही येतात. पर शाबूत असलेला, म्हणजे रानटी मासा सोडून दिला, तरी त्यातले काही दमून मरतातच.

मोंटाना राज्याचं उदाहरण मी नेहमी देते. तिथे मॅडिसन नदीवर पाहणी झाली, तेव्हा आढळलं की जिथे हॅचरीचे ट्राउट सोडणं थांबवलं तिथे रानटी ट्राउट वाढले. १९७४ पासून त्या राज्याने रानटी ट्राउट असलेल्या नद्यांमध्ये मासे सोडणं बंद केलं. गळ टाकणाऱ्यांनी आधी बराच आरडाओरडा केला होता. आज त्याच नद्यांसाठी जगभरातून लोक तिथे येतात.

तुम्ही गावाकडच्या मत्स्यबीजाचा दाखला दिलात, म्हणून एक गोष्ट तिकडचीही. लोणावळ्याच्या केंद्रात महसीरची पैदास करण्याचं तंत्र बसवलं गेलं, ते काम तंत्र म्हणून खरोखर मोलाचं होतं. पण सह्याद्रीतल्या आपल्या नद्यांची निळ्या परांची महसीर पुढे कावेरीतही सोडली गेली. तिथे तिने चांगलाच जम बसवला आणि कावेरीची स्वतःची, कुबडाची महसीर खालावत गेली. त्या माशाला नेमकं शास्त्रीय नाव जोडलं गेलं तेच २०१८ मध्ये, आणि त्याच सुमारास ती 'अतिसंकटग्रस्त' ठरली. सगळा दोष सोडलेल्या माशांचा नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी हे सगळं होतंच. पण चांगल्या हेतूने सोडलेला मासा दुसऱ्याच्या नदीत काय करू शकतो, ते यावरून दिसतं. धरणाच्या बंद तळ्यात कटला-रोहूचं बीज सोडणं ही शेती आहे, तिचा हिशोब वेगळा. वाहत्या नदीत, जिथे तिचे स्वतःचे मासे अजून आहेत, तिथे तो हिशोब लावू नये.

'तिचे स्वतःचे' यावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. सॅमन ज्या ओढ्यात जन्मला तिथेच परत येतो, त्यामुळे हजारो वर्षांत प्रत्येक नदीचा मासा त्या नदीपुरता घडत गेलेला असतो. कधी चढायचं, किती थंडीत अंडी घालायची, किती उंच उडी लागते. अलास्कातल्या ब्रिस्टल बेमध्ये सॉकाय आजही कोट्यवधींच्या संख्येने येतो. २०२२ मध्ये साडेसात कोटींहून जास्त आले. तिथे हॅचऱ्यांच्या जोरावर काही चालत नाही. शेकडो ओढ्यांत आणि तळ्यांच्या काठांवर वेगवेगळ्या सवयींचे कळप आहेत. एखाद्या वर्षी एकाला फटका बसला तर दुसरा तोलून धरतो. आपण दक्षिणेकडे हेच वैविध्य गमावलं. एका हॅचरीतली पिल्लं दहा ओढ्यांत वाटणं म्हणजे उरलंसुरलंही पुसणं. तुमच्या योजनेबद्दल माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

मग हॅचऱ्या बंद करा, असं माझं म्हणणं आहे का? नाही. दोन ठिकाणी मी त्यांच्या बाजूने उभी राहते.

पहिलं म्हणजे कडेलोटाच्या वेळी. आयडाहोतलं रेडफिश सरोवर समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर आत आणि जवळपास २,००० मीटर उंचीवर आहे. १९९१ मध्ये स्नेक नदीचा सॉकाय संकटग्रस्त जाहीर झाला आणि १९९२ मध्ये त्या सरोवरात एकच मासा पोहोचला. एक नर. लोकांनी त्याचं नाव 'लोनसम लॅरी' ठेवलं. त्या दशकात जे मोजके परतले त्यांना पकडून बंदिस्त जागी पैदास केली नसती, तर तो वंश तेव्हाच संपला असता. इथे हॅचरीने जीव वाचवला, यात वाद नाही. पण पुढचं पाहा. २०१५ मध्ये डोंगरात बर्फ कमी पडलं, उन्हाळा कडक गेला, कोलंबियाचं पाणी तापलं आणि अंदाजे अडीच लाख सॉकाय वाटेतच मेले. स्नेक नदीचे तर बहुतेक सगळेच. समुद्र आणि सरोवर यांच्यामध्ये आठ मोठी धरणं आहेत आणि त्यांच्यामागचं संथ पाणी उन्हात तापतं. ते जोवर आहे तोवर ती हॅचरी बंद करता येत नाही, आणि तिच्या भरवशावर मासा सुटलाही म्हणता येत नाही.

दुसरं म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातींचा हक्क. १८५४-५५ च्या तहांत त्यांनी जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क राज्याने शंभर वर्षं धाब्यावर बसवला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला, की पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा जमातींचा. नदीच उद्ध्वस्त असताना तो वाटा आज बऱ्याच अंशी हॅचरीतून येतो. नदी बिघडवली दुसऱ्यांनी. मग 'हॅचरी वाईट, बंद करा' असं म्हणून त्यांच्याच ताटातला मासा काढून घेणं मला पटत नाही. आधी नदी दुरुस्त करा, मग हॅचरीबद्दल बोला, असा माझा क्रम आहे. माझ्याच क्षेत्रातले काहीजण यावर माझ्याशी भांडतात, त्यांचीही बाजू अगदीच निराधार नाही.

आता तुमच्या ओढ्याकडे येऊ. एखाद्या ओढ्याकडे मी पाहते तेव्हा प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो.

सगळ्यात आधी वाट. समुद्रातून येणारा मासा तुमच्या घरामागे पोहोचू शकतो का? इथे मोठ्या धरणांपेक्षा जास्त आडव्या येतात त्या रस्त्याखालच्या मोऱ्या. जुनी मोरी म्हणजे बहुधा गोल पत्र्याचा नळ. ओढ्यापेक्षा अरुंद, त्यामुळे आत पाण्याचा वेग वाढतो. खालच्या तोंडाशी पाणी पडून पडून तळ खचतो आणि नळाचं तोंड हवेत लटकतं. मोठा कोहो एखादा मीटर उडी मारेलही, पण वर्षभर ओढ्यात वरखाली फिरणाऱ्या बोटभर पिल्लाला तो रस्ता बंद. जमातींनी यावरही खटला भरला. तहात मासेमारीचा हक्क आहे, तर मासे अडवणाऱ्या मोऱ्या बांधणं हा तहाचा भंग, असा त्यांचा मुद्दा. २०१३ मध्ये न्यायालयाने राज्याला मुदत घालून दिली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश चार-चार असे समसमान विभागले गेल्याने तोच आदेश कायम राहिला. राज्याच्या महामार्गांखालच्या मोऱ्यांनी अडवलेल्या जागेपैकी ९० टक्के जागा २०३० पर्यंत मोकळी करायची आहे. खर्च अब्जावधी डॉलरमध्ये गेलाय आणि कुरकुर मोठी आहे. त्यात एक तक्रार रास्त आहे: राज्याने आपली मोरी दुरुस्त केली, पण तिच्या खाली काउंटीची किंवा खाजगी मोरी तशीच राहिली, तर मासा तिथेच अडतो. म्हणून काम नेहमी खालून वर करत यावं. तुमच्या घरामागचा ओढा कितीही सुंदर असू दे, त्याच्या खाली एक लटकती मोरी असेल तर पहिला पैसा त्या मोरीवर.

वाट मोकळी असेल, तर दुसरा प्रश्न शहरी कोहोसाठी सगळ्यात क्रूर आहे. सिॲटलमधल्या काही ओढ्यांची मेहनतीने दुरुस्ती झाली, कोहो परत आले आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर मरू लागले. पृष्ठभागावर तोंड वासून, गोल गोल फिरत, काही तासांत. मादीचं पोट उघडलं तर गाबोळी जशीच्या तशी. काही ओढ्यांत निम्म्याहून जास्त माद्या अशा जायच्या. कारण शोधायला वीसेक वर्षं गेली. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टकोमा इथल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जाहीर केलं: गाडीच्या टायरमध्ये रबर लवकर फुटू नये म्हणून ६पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन बनतं, टायरच्या झिजलेल्या भुकटीबरोबर रस्त्यावर पडतं आणि पावसाने ओढ्यात वाहून जातं. कोहोला त्याची अत्यल्प मात्राही पुरते. गंमत अशी, की त्याच पाण्यात चम सॅमनला काही होत नाही.

आता तुमची पिल्लं या चित्रात ठेवून पाहा. समजा सोडलेली पिल्लं वर्षभर जगली, समुद्रात गेली, सील आणि जाळी चुकवून परत आली. आणि तुमच्या घरामागे, रस्त्याच्या पाण्यात, अंडी घालायच्या आधी मेली. वर्गणी गेलीच, वर मुलांना ते मासे पाहावे लागले.

यावर उपाय आहे, आणि तो ऐकायला फारच साधा वाटतो. रस्त्याचं पाणी ओढ्यात जाण्याआधी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपू द्यायचं. प्रयोगांत न गाळलेल्या पाण्यात सगळे कोहो मेले आणि अशा मातीतून गाळलेल्या त्याच पाण्यात जगले. इथे त्याला रेन गार्डन म्हणतात. तुमच्या मंडळातले कितीतरी जण स्वतःच्या घरात राहतात, ड्राइव्ह-वे आहेत, सोसायटीचं पार्किंग आहे, मंदिराचं पार्किंग आहे. हे सगळं पाणी कुठे जातं ते एकदा पावसात छत्री घेऊन बघून या. टायरमधलं रसायन बदलणं हा खरा उपाय आहे, पण तो कारखान्यांच्या आणि कायद्याच्या हातात आहे; पार्किंगमधून वाहणारं पाणी तुमच्या हातात आहे.

तिसरं, पाण्याचं तापमान आणि गाळ. हे थोडक्यात सांगते. पिल्लांना साधारण १६-१७ अंशांपर्यंतचं पाणी मानवतं, वीसच्या पुढे सगळेच अडचणीत येतात, अंड्यांना तर तेराच्या आतलं लागतं. काठावरची झाडं तोडली की ओढा तापतो. वरच्या बाजूला बांधकाम चाललं की बारीक गाळ खडीत बसतो आणि अंडी गुदमरतात. बुल ट्राउट हा सॅमनचा नातलग याहून नाजूक, त्याला अगदी गार पाणी लागतं; म्हणून तो शहरी ओढ्यांत सहसा दिसत नाही, अंडी वर डोंगरात घालतो.

चौथं, पाण्यात पडलेली लाकडं. ओढा 'साफ' करायची हौस मंडळांना फार असते, म्हणून आधीच सांगते: पडलेला ओंडका काढू नका. गेल्या शतकाच्या मध्यात सरकारी खात्यांनीच वाट मोकळी करायची म्हणून ओढ्यांतली लाकडं उपसली आणि नंतर त्याच खात्यांना क्रेन लावून ती परत ठेवावी लागली. ओंडक्यामुळे डोह पडतात, पुरात पिल्लांना आडोसा मिळतो, खडी अडते. बीव्हर या लाकडाचे बांध घालणाऱ्या प्राण्याचंही तेच. त्याच्या बांधाने मासे अडतील असं लोकांना वाटतं, पण ऑरेगॉनमधल्या ब्रिज क्रीकवर माणसांनी खुंट ठोकून बीव्हरला बांध घालायला मदत केली, तेव्हा स्टीलहेडची पिल्लं वाढली, जगण्याचं प्रमाणही वाढलं.

हे सगळं केलं तर मासे आपोआप येतात का? तुमच्या जागी मी असते तर ही शंका मला नक्की आली असती. एल्वा नदीकडे पाहा. ऑलिम्पिक पर्वतातून येणारी ही नदी. १९१३ मध्ये समुद्रापासून जेमतेम ८ किलोमीटरवर पहिलं धरण झालं, १९२७ मध्ये वर दुसरं. माशांना वाट कुठेच नाही. लोअर एल्वा क्लालम जमातीने पिढ्यान् पिढ्या पाठपुरावा केला, १९९२ मध्ये संसदेने कायदा केला आणि २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणं उतरवली. मागे दोन कोटी घनमीटरहून जास्त गाळ साठला होता. तो खाली येताना जगणार नाहीत या भीतीने नदीच्याच माशांना काही काळ हॅचरीत आसरा दिला आणि त्यावर कोर्टकज्जेही झाले. पण मला सगळ्यात भावतं ते उन्हाळी स्टीलहेडचं. तो जवळजवळ संपल्यातच जमा होता. धरणांच्या वर शंभर वर्षं अडकून पडलेल्या रेनबो ट्राउटमध्ये मात्र, समुद्र न पाहताही, लवकर चढणीला येण्याचा जनुकीय वारसा शिल्लक होता. वाट मोकळी झाली आणि उन्हाळी स्टीलहेड पुन्हा दिसू लागला. त्या जागी आधी बाहेरची पिल्लं सोडून वंश भेसळला असता, तर हे झालं असतं का? मला शंका आहे. २०२३ मध्ये जमातीने तिथे पुन्हा कोहो पकडले, मर्यादित, घरच्या आणि विधीच्या गरजेपुरते. धरण उतरवायला सुरुवात झाल्यापासून बारा वर्षांनी.

ऑरेगॉनमधून कॅलिफोर्नियात जाणाऱ्या क्लॅमथ नदीवर तर याहून लवकर घडलं. चार धरणं २०२३-२४ मध्ये निघाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्येच चिनूक ऑरेगॉनच्या हद्दीत पोहोचले, १९१२ नंतर प्रथमच. कुणी नेऊन सोडले नव्हते. अर्थात याचा अर्थ सगळीकडे असंच होईल असा नाही. जिथे जवळपास कुठेच मूळ वंश उरलेला नाही, तिथे वाट मोकळी करून वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि कधी जवळच्या नदीतला वंश विचारपूर्वक आणावाही लागतो. तो निर्णय जमाती आणि राज्याचा मत्स्य विभाग मिळून घेतात, आणि तो त्यांनीच घ्यावा.

तर मंडळाने काय करावं? वर्गणी काढाच, पण ती तुमच्या खोऱ्यात आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेला मोरीच्या किंवा रेन गार्डनच्या ठरावीक कामासाठी द्या. 'सॅमनसाठी' अशी मोघम देणगी देऊ नका, काम विचारा. माणसं असतील तर ऑक्टोबर ते मार्च काठावर झाडं लावायची कामं असतात. सीडार, अल्डर, विलो. पाऊस लागतोच, गणपतीत ढोल वाजवणाऱ्यांना तो नवा नाही. लावल्यावर दोन-तीन उन्हाळे ब्लॅकबेरीचं काटेरी रान काढत राहावं लागतं, आणि स्वयंसेवक गळतात ते तिथेच. ओढ्याच्या आत काहीही करायचं, साधे दगड हलवायचे तरी राज्याचा वेगळा परवाना लागतो, त्यामुळे ते हौसेने करू नका. मुलांना मासे वाढवायची हौस असेल, तर इथल्या कित्येक शाळांमधून वर्गात अंडी वाढवण्याचा परवानगीने चालणारा उपक्रम असतो. त्याने नदीत मासे वाढत नाहीत, पण मुलं वर्षानुवर्षं ते विसरत नाहीत; तेवढ्यासाठी तो चांगलाच आहे. नोव्हेंबरात त्यांना कार्कीक पार्कमधल्या पायपर्स क्रीकवर न्या, चम अंडी घालताना अगदी जवळून दिसतात. कुत्रा मात्र घरी ठेवा, आणि खडीत पाय घालू नका. जिथे तळ आजूबाजूपेक्षा स्वच्छ आणि उजळ दिसतो तिथे खाली अंडी असतात.

तुमच्या ओढ्याबद्दल याहून नेमकं सांगायचं, तर मला काही गोष्टी लागतील. ओढ्याचं नाव आणि तो पुढे कुठल्या नदीला किंवा तळ्याला मिळतो ते. राज्याच्या मत्स्य विभागाच्या संकेतस्थळावर मोऱ्यांचा नकाशा आहे; तुमच्या घरापासून खाली समुद्रापर्यंत त्यावर अडथळ्याच्या किती खुणा दिसतात ते मोजा. ऑगस्टमधल्या एखाद्या दुपारी पाण्याचं तापमान घ्या, स्वयंपाकघरातला थर्मामीटर चालेल. आणि यंदा पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस काठाने फेरी मारा. मेलेला मासा दिसला तर फोटो काढा, पाठीवरचा तो बारका पर आहे की नाही ते पाहा आणि मासा तिथेच राहू द्या, ओढ्याला त्याची गरज असते. एवढं कळवलंत, की पहिला पैसा कुठे घालायचा ते आपण ठरवू.